तोंड सुकतंय? पिशवी घेऊन या

म्हाताऱ्या माणसाने काउंटरवर येऊन ‘तोंड सुकतं गो’ म्हटलं की पाणी जास्त प्या, उन्हात फिरू नका असलं काही मी सांगत बसत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला आणि घेऊन या, एवढंच सांगते. सगळ्या म्हणजे सगळ्या. डॉक्टरांनी दिलेल्या, शेजारणीने दिलेल्या, चतुर्थीत सर्दीसाठी घेतलेल्या आणि उरलेल्या, मुंबईच्या मुलाने कुरिअर केलेल्या. गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात माझी फार्मसी आहे. इथे साखरेची गोळी आणि प्रेशरची गोळी लोकांना रंगासकट पाठ असते. बाकीच्या गोळ्यांना मात्र नाव नसतं, फक्त काम असतं: ‘पोटाची’, ‘लघवीची’, ‘पाय जळतात त्याची’. आणि गोंधळ तिथेच होतो, कारण कामं वेगळी दिसली तरी आतून बऱ्याच गोळ्या एकच उद्योग करत असतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सत्तरी तालुक्यातल्याच एका गावातून एक मुलगा आईची पिशवी घेऊन आला. ‘बाई, आई रात्री उठून अंगणात कोण बसलंय ते बघायला जाते. कोणी नसतं. भाऊ म्हणतो, देवळात कौल लावूया.’

‘कौल लावा, माझी ना नाही,’ मी म्हटलं, ‘पण आधी ही पिशवी रिकामी करूया.’

पिशवीत रबराने बांधलेल्या स्ट्रिपा. अर्ध्या कात्रीने कापलेल्या, त्यामुळे एकीवर औषधाचं नाव नाही, तारीख नाही, नुसतं ‘…लीन १०’ एवढंच शिल्लक. ते निघालं अमिट्रिप्टिलीन. पाय जळजळतात म्हणून एका डॉक्टरांनी रात्रीसाठी दिलेलं. लघवी थांबत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं सोलिफेनासिन. पोटात कळ आली की घ्यायची मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिनची गोळी, जी खरं तर सुनेची होती. सर्दीची गोळी, तिच्यात क्लोरफेनिरामिन. चोर्ला घाटातून बेळगावला लेकीकडे जाताना उलटी होऊ नये म्हणून प्रोमेथाझिन. आणि या सगळ्यांच्या सोबतीला इसबगोलाचा डबा, कारण पोट साफ होत नव्हतं, आणि डोळे कोरडे पडतात म्हणून डोळ्यांत घालायचे थेंब.

पाच वेगळी दुखणी, पाच गोळ्या, आणि पाचही जणी ॲसिटिलकोलीनच्या वाटेत उभ्या. इसबगोल आणि डोळ्यांचे थेंब हे त्या पाच जणींनी केलेल्या उपद्व्यापावरचे उपाय.

ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूच्या टोकाशी सुटणारं रसायन. शरीरातली जी कामं आपल्याला न विचारता चालतात, त्यांतली निवांतपणाची बहुतेक कामं याच्या जिवावर चालतात: तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांत ओल राहणं, आतडी हलणं, मूत्राशय आवळून लघवी बाहेर पडणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, हृदयाचे ठोके संथ राहणं. घाम येतो तोही याच्यामुळेच. मेंदूतही ते आहे, लक्ष लागायला आणि आठवण धरायला. ज्यावर जाऊन ते काम करतं त्या रिसेप्टरांच्या दोन जाती. हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१४ साली हा फरक दाखवला. एका जातीवर विषारी अळंबीतलं मस्कारीन चालतं, दुसरीवर तंबाखूतलं निकोटीन, म्हणून मस्कारिनिक आणि निकोटिनिक. निकोटिनिक जात हातापायांच्या स्नायूंत आणि मज्जातंतूंच्या मधल्या गाठींत असते. माझ्या काउंटरवरचा तंटा बहुतेक मस्कारिनिक जातीचा. तिचे पुढे पाच पोटप्रकार आहेत. हृदयात मुख्यतः दुसरा, ग्रंथींत आणि मूत्राशयात तिसरा, मेंदूत पहिल्याचा भरणा जास्त.

ॲट्रोपिन हे औषध आणि त्याच्या कुळातली औषधं, म्हणजे पिशवीतल्या त्या पाच जणीही, इथे काय करतात ते कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये बसलेल्याला चटकन कळेल. खिडकीतून कोणीतरी सीटवर रुमाल टाकतो. रुमाल काही प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही, पण बसणाऱ्याला बसू देत नाही. ही औषधं रिसेप्टरला कामाला लावत नाहीत, फक्त जागा अडवतात. आणि गर्दी फारच झाली की रुमाल उचलून बाजूला टाकणारा कोणीतरी निघतोच, तसं ॲसिटिलकोलीन भरपूर वाढवलं तर हा अडथळा मागे हटतो.

हे मी पुस्तकात वाचलं त्याच्या आधी डोळ्यांनी पाहिलं होतं. पणजीला फार्मसीच्या कॉलेजात असताना प्रॅक्टिकलला कायमोग्राफ, म्हणजे हालचालीची रेघ काढणारं यंत्र, असायचं. ड्रमवर चकचकीत कागद गुंडाळायचा, तो रॉकेलच्या धुरावर फिरवून काळाकुट्ट करायचा, हात, नाक, एप्रन सगळं काजळी. मार्केटातून आणलेलं कोंबडीचं आतडं मिठाच्या कोमट द्रावणात टांगायचं, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि आतड्याला दोऱ्याने एक बारीक काटा बांधायचा. ॲसिटिलकोलीनचा थेंब पडला की आतडं आवळायचं, काटा वर चढायचा, आणि काजळीत पांढरी रेघ उमटायची. धुवायचं, थांबायचं, परत थेंब, परत रेघ. मग मॅडम ॲट्रोपिन घालायला सांगायच्या. त्यानंतर तोच थेंब तेवढाच घातला तरी काटा ढिम्म. ड्रम फिरतोय, रेघ सरळ. डोस पाच-दहा पट केला की काटा कुरकुरत परत वर. शेवटी कागद सोडवून लाखेच्या वार्निशात बुडवायचा, म्हणजे काजळी पुसत नाही. आता मुलांना हे सगळं कॉम्प्युटरवर दाखवतात. प्राणी वाचले हे चांगलंच झालं, पण ती सरळ रेघ स्वतःच्या हाताने काढलेली असली की डायसायक्लोमिनची स्ट्रिप हातात घेताना वेगळंच वाटतं.

नसा ॲसिटिलकोलीन सोडून निरोप पोचवतात हा शोधही असाच टांगलेल्या अवयवावर लागला. १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझला ऑटो लोवीने बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, विजेने चेतवून ठोके संथ केले, आणि त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसरंही संथ झालं. म्हणजे नस हृदयाला नुसती वीज देत नव्हती, काहीतरी पाझरत होती. लोवी सांगायचा की प्रयोगाची कल्पना त्याला स्वप्नात सुचली. १९३६ चं नोबेल त्याला आणि डेलला मिळून मिळालं. (बेडकावरून आठवलं. पहिल्या पावसात टॉर्च घेऊन ‘जंपिंग चिकन’ पकडायला निघणारे अजून आहेत आपल्याकडे. कायद्याने बंदी आहे, बाबांनो.)

रुमाल टाकणाऱ्यांचं मूळपुरुष झाड तर आपल्या रस्त्याकडेला उगवतं. महाशिवरात्रीला आपण महादेवाला वाहतो तो धोतरा. त्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि हायोसिन, तिन्ही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याचं हिंदुस्थानी औषधींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, आणि त्यात धोतराही आहे: चोर तो जेवणात मिसळतात, खाणारा नुसता हसत सुटतो, भान राहत नाही आणि घर साफ होतं. आज इस्पितळात धोतऱ्याचं बी खाल्लेलं पोर आलं तर डॉक्टर नेमकं काय बघतात? तोंड आणि कातडी कोरडी, अंग तापलेलं आणि लाल, बाहुल्या मोठ्या, नाडी धावतेय, लघवी अडलेली, आणि पोर हवेत कोणाला तरी धरायला बघतंय.

आता परत अंगणात जाणारी आजी आठवा. तिने धोतरा खाल्ला नव्हता. तिने पाच ठिकाणांहून त्याच कुळातल्या, धोतऱ्यापेक्षा सौम्य, डॉक्टरी गोळ्या थोड्या थोड्या खाल्ल्या होत्या. म्हाताऱ्या मेंदूत ॲसिटिलकोलीनची शिल्लक मुळात कमी, मूत्रपिंड आणि यकृतही औषध लवकर बाहेर काढत नाहीत. तरुण सुनेला त्याच पोटाच्या गोळीने फक्त जरा घसा कोरडा पडला असता.

सगळी औषधं सारखी वाईट नाहीत, हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या कोणी इनहेलर फेकून द्यायचं. दमेकऱ्यांनी धोतऱ्याची सुकी पानं ओढायची ही जुनी पद्धत. आजचं टायोट्रोपियम आणि इप्राट्रोपियम त्याच घराण्यातले सुधारलेले वंशज. ते फुप्फुसात जातात, रक्तात फार थोडे उतरतात आणि मेंदूत जवळजवळ शिरतच नाहीत. पोटाच्या कळेवरचं हायोसिन ब्युटिलब्रोमाइड आणि भूल देताना वापरतात ते ग्लायकोपायरोलेट, यांच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्यांना सहसा ओलांडता येत नाही. लघवीच्या जुन्या ऑक्सिब्युटिनिनला आणि सर्दीच्या क्लोरफेनिरामिनला तो सहज ओलांडता येतो. झोप येते ती त्यामुळेच. सर्दीच्या बाबतीत तर माझं स्पष्ट मत आहे: चार औषधं कोंबलेली गोळी सत्तरीपुढच्या माणसाला देऊच नये. वाफ घ्या, मीठपाण्याच्या गुळण्या करा, आणि खरंच शिंका थांबत नसतील तर एकट्या फेक्सोफेनाडिनबद्दल डॉक्टरांना विचारा.

चतुर्थीच्या दिवसांत हे जास्त जाणवतं. पाऊस, गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायची धावपळ, घरभर पाहुणे, सगळ्यांना सर्दी. घरातल्या आजोबांची प्रोस्टेट आधीच मोठी. सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या की मूत्राशयाचा स्नायू सैल पडतो. अनेक गोळ्यांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिनही असतं, ते दार आणखी आवळतं. रात्री पोट दगडासारखं, लघवीचा थेंब नाही, मग नळी घालायला इस्पितळ. ज्यांना काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार आहे त्यांची कथा वेगळी: बाहुली मोठी झाली की डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होऊ शकते, डोळा लाल, डोकं फुटायला आलेलं. म्हणून ‘डोळ्याचं काही आहे का?’ हे मी सर्दीची गोळी मागणाऱ्याला विचारते तेव्हा लोक चमकतात.

याच्या नेमकं उलट चित्र काजूच्या मोहोरात दिसतं. डिसेंबर-जानेवारीत पालवीवर आणि मोहोरावर ढेकण्या हा किडा पडतो, आणि मग पाठीवर पंप घेऊन फवारणी. त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट औषध असलं तर ते ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या कोलिनेस्टरेज या एंझाइमलाच पकडून ठेवतं. मग रसायन सुटतच राहतं, मोडत नाही, सगळ्या रिसेप्टरांवर तुटून पडतं. असाच एक भाई एकदा उलटीची गोळी मागायला आला. थंडीत शर्ट घामाने ओला, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं. ते निकोटिनिक बाजूचं लक्षण. मी उलटीची गोळी दिली नाही. शर्ट काढायला लावला, हातमोजे घालून साबणपाण्याने अंग धुवायला मदत केली, १०८ ला फोन केला आणि सोबतच्याला म्हटलं, ‘फवारणीची बाटली घेऊन जा, डॉक्टरांना दाखव.’ अशा माणसाला इस्पितळात देतात ते ॲट्रोपिनच, शिरेतून, दर काही मिनिटांनी डोस दुप्पट करत, छातीतलं पाणी आटून श्वास मोकळा होईपर्यंत. सोबत एंझाइम सोडवायला प्रालिडॉक्सिम. भाई बरा झाला. पुढच्या मोहोरात परत तसाच, उघड्या तोंडाने फवारणी करताना दिसला तेव्हा मात्र मी रस्त्यावरच त्याला चार शब्द सुनावले.

नाग चावला की वापरतात ती निओस्टिग्मिनची सुईही याच घरातली. नागाचं विष स्नायूंवरचे निकोटिनिक रिसेप्टर अडवतं, पापण्या जड होतात, श्वास अडखळतो. निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलीन मोडू देत नाही, ते साठत जातं आणि विषाला बाजूला सारायला बघतं. हृदय फार संथ पडू नये म्हणून आधी ॲट्रोपिन टोचतात. अर्थात मुख्य औषध प्रतिविषच. ही सुई सोबतीला, आणि मण्यारीच्या विषावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त छळतं ते एक चक्र, जे मी वेगवेगळ्या घरांत पाहिलंय. आजोबा विसरायला लागतात. डॉक्टर डोनेपेझिल देतात. तेही कोलिनेस्टरेज अडवतं, पण हळुवारपणे आणि मेंदूसाठी म्हणून: तिथलं उरलंसुरलं ॲसिटिलकोलीन जरा जास्त वेळ टिकावं. रोग थांबत नाही, काही महिने माणूस जरा सावरतो. पण तेच ॲसिटिलकोलीन मूत्राशयातही वाढतं. आजोबांना धोतर सांभाळता येईना. घरचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, ते ऑक्सिब्युटिनिन लिहितात. आता सकाळी एक गोळी मेंदूत प्रवासी पाठवते आणि संध्याकाळी दुसरी त्याच सीटवर रुमाल टाकते. आजोबा आणखी भरकटतात. घरचे म्हणतात आजार वाढला, आणि डोनेपेझिलचा डोस पाचवरून दहावर जातो. दोन्ही प्रिस्क्रिप्शनं आपापल्या जागी बरोबर. दोन्ही एकत्र कोणी पाहिलेलीच नसतात. काउंटरवर मी पाहते, कारण दोन्ही कागद एकाच सुनेच्या हातात असतात.

गोळी बंद करा असं मी कधी सांगत नाही. तो माझा अधिकार नाही, आणि यांतल्या काही एकदम थांबवल्या तर घाम, मळमळ, अस्वस्थपणा होतो. त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. मी एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि कोणी दिल्या ते लिहिते, ज्या या कुळातल्या त्यांच्यापुढे फुली मारते, आणि म्हणते, पुढच्या खेपेला हा कागद डॉक्टरांपुढे ठेवा. एका डॉक्टरांनी निरोप पाठवला की फार्मसिस्टने डॉक्टरकी करू नये. दुसऱ्यांनी दुपारी स्वतः फोन केला, ‘ही सर्दीची गोळी आजी घेते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं,’ आणि आम्ही दोघांनी मिळून पाचातल्या तीन गोळ्यांना वाट दाखवली. अंगणात जाणारी आजी ती हीच. दोन-तीन आठवड्यांत तिचं रात्रीचं उठणं थांबलं. तोंड अजून थोडं सुकतं, अमिट्रिप्टिलीन चालू आहे.

हे माझं एकटीचं खूळ नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची, म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी आहे, बीअर्स निकष म्हणतात तिला. पहिली १९९१ सालची. तीत ही मंडळी ठळकपणे आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतच पासष्टीपुढच्या सुमारे साडेतीन हजार लोकांवरचा अभ्यास आला. ॲसिटिलकोलीनला जोरात अडवणारी अशी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं. औषधांमुळेच झाला असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण नातवाच्या सर्दीची गोळी आजीला देताना हात थोडा थांबायला एवढं पुरेसं आहे.

लघवीसाठी या कुळाबाहेरचं मिराबेग्रॉन आहे, ते दुसऱ्याच रिसेप्टरवर चालतं, तोंड सुकवत नाही. त्याने प्रेशर वाढू शकतं, त्यामुळे तेही डॉक्टरांनी बघूनच. आणि ते महाग पडतं. डॉक्टरांकडे गोळी बदलायचं बोलाल तेव्हा महिन्याचा खर्च किती येईल तेही तिथेच विचारा. नाहीतर होतं काय, लोक माझ्याकडून दहा गोळ्या घेतात, त्या संपल्या की घरात उरलेली जुनी स्ट्रिप परत सुरू करतात, आणि डॉक्टरांच्या कागदावर मात्र नवीनच गोळी चालू असते.